एम.ए.नंतर क्लिनिकल सायकॉलॉजी: इथली आरसीआयची वाट, अमेरिका की इंग्लंड?

दरवर्षी दिवाळी संपली की मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, इथं राहून क्लिनिकल करू की बाहेर जाऊ?" मी आधी त्यांनाच विचारते: सात-आठ वर्षांनी तुमच्यासमोरच्या खुर्चीत कोण बसलेलं असावं असं वाटतं? शाळेनं पाठवलेला, वाचता न येणारा सातवीतला मुलगा आणि त्याची रडवेली आई? की समोर माणूस कमी आणि संशोधनाची आकडेवारी जास्त असावी? हे एकदा ठरलं की कुठं अर्ज करायचा ते बरंचसं आपोआप ठरतं. न ठरवता भरलेले अर्ज मात्र पैसे आणि वर्ष दोन्ही घेऊन जातात.

पाटी कुणाला लावता येते

भारतात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून, म्हणजे चाचण्या आणि संवादातून मनोविकारांचं निदान व उपचार करणारा तज्ज्ञ म्हणून, काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. ही परिषद 1992 च्या कायद्यानं उभी राहिली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही आरसीआयमान्य शिक्षण किंवा दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यातलं देखरेखीखालचं प्रशिक्षण यांभोवती बांधलेली आहे.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती याच ठिकाणी. आपल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' शिकवलं जातं. शिक्षण चांगलं असतं, शिक्षकही मनापासून शिकवतात. पण गुणपत्रिकेवर 'क्लिनिकल' छापलं म्हणून आरसीआयचा नंबर मिळत नाही. एका मुलीच्या वडिलांनी तर लेकीच्या नावाची पाटी करून आणली होती. ती घरातच ठेवायला सांगताना मला जड गेलं.

आता या घोळात भर पडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) 2022 च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती तिला 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. तिच्या जागी आरसीआयच्या नव्या चौकटीतले अभ्यासक्रम येत आहेत आणि त्यांतही 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नाव आहे. म्हणजे नाव एकच, पण एक एम.ए. परिषदेनं मान्य केलेलं आणि दुसरं नुसतं विद्यापीठाचं. त्यामुळे माहितीपत्रकावर विसंबू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तिच्यात संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं अचूक नाव, मान्यतेची मुदत आणि जागा या चारही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. संस्थेचा माणूस फोनवर "मान्यता येतेच आहे" म्हणाला तर त्या वर्षी तिथं फी भरू नका.

एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमाही आहे. त्यानं नोंदणी होते ती सहायक म्हणून आणि काम करायचं ते नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. भारतातली साय.डी., म्हणजे व्यवसायासाठीची डॉक्टरेट, लांबलचक आहे, एम.ए.नंतर चार वर्षं हातात असतील तरच तिचा विचार करा.

अर्ज म्हणजे नेमकं काय तपासतात

इथं परीक्षा तुमची तयारी तपासते. बहुतेक ठिकाणी एम.ए.ला 55 टक्के ही अट, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. बंगळुरूची निम्हान्स, रांचीची सीआयपी, दिल्लीची इहबास, तेजपूरची संस्था या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. आपल्याकडे पुण्यात ससूनच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. जागा कुठंही थोड्याच, कारण त्या मार्गदर्शकांच्या संख्येशी बांधलेल्या असतात. लेखीत सायकोपॅथॉलॉजी (मनोविकारांचा अभ्यास), संख्याशास्त्र, चाचण्या, मेंदूची रचना. पाठांतर इथवर पुरतं. मुलाखतीत समोरचे एखादा रुग्ण दोन वाक्यांत उभा करतात आणि विचारतात, "याला पहिला प्रश्न काय विचाराल?" ज्यानं वॉर्डात कधी पाऊल ठेवलेलं नाही तो इथं अडखळतो, त्याचे गुण कितीही असोत.

अमेरिकेत वेगळंच तपासतात. क्लिनिकल पीएच.डी.चा अर्ज नावाला विद्यापीठाकडे जातो, खरं तर तो एका प्राध्यापकाकडे जातो. त्यांच्या प्रयोगशाळेत यंदा विद्यार्थी घेणार आहेत का, त्यांचे विषय आणि तुमचे विषय जुळतात का, यावर सगळं ठरतं. शेकडो अर्जांतून आठ-दहा जण घेतले जातात. डिसेंबरच्या सुरुवातीला मुदत संपते, हिवाळ्यात मुलाखती होतात आणि 15 एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे. तीन शिफारसपत्रं मात्र लागतातच आणि त्यांत तुमचं संशोधनातलं काम दिसावं लागतं. "ही विद्यार्थिनी वक्तशीर व नम्र आहे" हे आपल्याकडचं ठरीव पत्र तिथं काहीच करत नाही. तुम्ही कुठला डेटा गोळा केला, कुठं चुकलात, कसं दुरुस्त केलंत हे लिहिणारा माणूस हवा. तसा माणूस मिळवायला आधी दोन वर्षं कुणाच्या तरी प्रकल्पावर राबावं लागतं. मुलं नेमकं हेच वगळतात आणि निबंधावर महिनाभर घासत बसतात. त्या निबंधात बालपणीच्या दुःखाची कहाणी लिहू नका, हे मी कळकळीनं सांगते. दुःख खरं असतं, पण वाचणाऱ्याला तुमचा संशोधनाचा प्रश्न काय आहे ते हवं असतं.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांची डॉक्टरेट असते आणि बहुतेक अर्ज लीड्सच्या क्लिअरिंग हाऊसमधून, म्हणजे अर्ज एकत्र घेणाऱ्या केंद्रातून, जातात. तिथं अनुभव तपासतात: सहायक मानसशास्त्रज्ञ म्हणून कुठं काम केलं, कुणाच्या देखरेखीखाली केलं आणि त्यातून काय शिकलात. आपल्या पदव्यांना आधी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची पात्रता मिळवावी लागते.

पैसा

इथल्या सरकारी संस्थांत फी कमी असते, काही ठिकाणी विद्यावेतनही मिळतं. खासगी विद्यापीठांत आकडा लाखांत जातो.

अमेरिकेत पीएच.डी. आणि साय.डी. यांतला फरक मुळापासून समजून घ्या. 1949 मध्ये बोल्डरच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आधी शास्त्रज्ञ असावा आणि चिकित्सकही असावा. पीएच.डी. त्या साच्यातली आहे. म्हणून विद्यापीठ तुम्हाला संशोधनात आणि शिकवण्यात कामाला लावतं आणि त्या बदल्यात बहुधा फी माफ करून भत्ता देतं. 1973 मध्ये व्हेल इथं भरलेल्या परिषदेनं निव्वळ व्यवसायासाठीच्या पदवीला, म्हणजे साय.डी.ला, पाठबळ दिलं. तिथं विद्यार्थी जास्त घेतात आणि फी बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून जाते. सगळा खर्च धरला तर एक लाख डॉलरच्या पुढे. पीएच.डी.त प्रवेश मिळाला नाही म्हणून घर गहाण ठेवून साय.डी.ला जाऊ नका, एवढं ठामपणे मी एरवी फारसं काही सांगत नाही.

इंग्लंडमध्ये निवड झालेल्यांना नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, बँड 6 या वेतनश्रेणीचा पगार देते, पण या जागा मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी असतात. बाहेरच्यांना मोजकी विद्यापीठं स्वतःच्या खर्चानं घेतात. मावशीकडे राहून कमी पैशांत होईल हा हिशेब इथं बसत नाही, कारण खर्च राहण्याचा नाही, फीचा आहे.

पदवीनंतरचं दार

अमेरिकेतल्या पदवीत पाच ते सात वर्षं जातात. त्यात एक वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिप असते आणि तिच्यासाठी देशभर वेगळी निवड होते. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं हे तिथलं फार मोठं प्रशिक्षणाचं ठिकाण, पण त्यांच्या इंटर्नशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला हे सहाव्या वर्षी कळलं तर काय होईल? अर्ज भरण्याआधीच त्या विभागाला विचारा: तुमच्या परदेशी विद्यार्थ्यांना इंटर्नशिप कुठं मिळाली? मग राज्याचा परवाना आणि त्यासाठीची ईपीपीपी परीक्षा. अभ्यासक्रमाला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची (एपीए) मान्यता नसेल तर हा सगळा प्रवास फार खडतर होतो.

इंग्लंडमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद कायद्यानं राखलेलं आहे आणि नोंदणी एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेकडे होते. बाहेर शिकून परत यायचं ठरवलंत तर इथं पुन्हा आरसीआयचं दार आहेच. कागद तपासून घ्यावे लागतात. म्हणून अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्रत्यक्ष कामाचे तास यांचे सही-शिक्क्याचे दाखले तिथं असतानाच गोळा करून ठेवा.

भाषा

याबद्दल कुणी विचारत नाही, मी मात्र याच्यावरच सगळ्यात जास्त बोलते. आपल्याकडची बाई "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरतो, काळजात धस्स होतं, डोक्यात मुंग्या येतात, कशात मन लागत नाही. सासू म्हणते, तिला बाहेरचं झालंय. देवऋषी करून झालेला असतो आणि अंगात येणं हे लक्षण की श्रद्धा, हे तुम्हाला तिथल्या तिथं, कुणाचा अपमान न करता, समजून घ्यायचं असतं. हे शिकायला मराठी ओपीडीच लागते. चाचण्यांचंही तसंच. व्ही. व्ही. कामतांनी 1934 मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. आज तिचे निकष जुने झाले आहेत आणि तिच्या जागी आपल्या मुलांसाठी चांगलं काही घडवणारी माणसं हवी आहेत. अशा कामासाठी अमेरिकेतलं संशोधनाचं शिक्षण सोन्यासारखं आहे, परत यायचं मनात असेल तर.

रांचीला किंवा बंगळुरूला गेलात तरी पहिले सहा महिने भाषेतच जातात. मराठी माध्यमाच्या मुलांनी त्याची धास्ती घेऊ नये. हिंदी येतेच, कानडी कानावर पडत जाते आणि इंग्रजी केस-लिखाण सरावानं जमतं.

माझा कल

रुग्णांसोबत काम करायचं आणि महाराष्ट्रातच राहायचं असेल तर आरसीआयमान्य अभ्यासक्रम, तोही शक्यतो मनोरुग्णालयाशी जोडलेला. गंभीर आजार पाहिल्याशिवाय सौम्य आजार ओळखता येत नाही, हे मी वॉर्डात शिकले. संशोधनाची खरी ओढ असेल, एखादा प्रश्न झोप उडवत असेल, तर अमेरिकेतली पीएच.डी., फी माफ असेल तरच. इंग्लंड त्यांच्यासाठी, ज्यांचं राहणं तिथं आधीच ठरलं आहे. आणि नुसतं बोलून माणसांना सावरायचं असेल, चाचण्या आणि निदानात रस नसेल, तर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस) सारख्या ठिकाणचं समुपदेशनाकडे झुकणारं एम.ए. पुरेसं आहे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त पाटीवर 'समुपदेशक' लिहायचं.

पहिल्या वर्षी निवड न झालेल्यांनी घरी बसून पुस्तकांचा फडशा पाडू नये. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, विशेष मुलांच्या शाळेत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात वर्षभर काम मागा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं दोनदा नापास झाल्यावर तसं केलं. तिसऱ्या मुलाखतीत तिला स्किझोफ्रेनियाची लक्षणं विचारली, तेव्हा तिनं यादी म्हटली नाही. वॉर्डातल्या एका आजोबांबद्दल बोलायला लागली. पॅनलनं तिला वीस मिनिटं बोलू दिलं.