तीन डबे, एक डाएट प्लॅन आणि माझे साडेअठरा हजार

परवा कोल्हापुरात रंकाळ्यावर कॉलेजच्या एका पोरानं मोबाईलमधला फोटो दाखवून विचारलं, "दादा, ही पावडर घेऊ का? कोच चांगला वाटतोय." डबा बघितला आणि पोटात धस्स झालं. तसाच डबा माझ्या माळ्यावर पडून आहे. म्हणून हे लिहायला बसलोय.

मी २०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, तयारी करत होतो. साडेतेरा तासांत संपवायची असते. रविवारी पहाटे शिवाजी पूल ओलांडायचा, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा गाठायचा, हा नेम. एकदा परतताना चहाच्या गाड्यावर एकाने ओळख काढली. स्वतःला 'स्पोर्ट्स न्यूट्रिशन कोच' म्हणवत होता. घामाघूम अवस्थेतच त्याने मला आपल्या मशीनवर उभं केलं आणि चरबी २७ टक्के सांगितली. मी हबकलो. शरीरातल्या पाण्यावर हा आकडा हलतो आणि व्यायामानंतर लगेच केलेल्या मोजणीवर विसंबायचं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला नक्की ठाऊक असणार.

तीन महिन्यांचा प्लॅन आणि प्रोटीनचे तीन डबे, मिळून १८,५०० रुपये. दुकानाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय. पावती मागितली तर "व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाला. ती आजतागायत आलेली नाही. प्लॅनमध्ये भात बंद, भाकरी बंद, केळं बंद, गूळ तर विषच. सकाळी उपाशीपोटी फक्त पावडर आणि सायकल. थकवा आला की मेसेज यायचा, "बॉडी डिटॉक्स होतेय, सोडू नका."

तिसऱ्या आठवड्यात वाघबीळच्या पुढे चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. हात थरथरत होते, ब्रेक नीट दाबता येईना. कशीबशी सायकल कडेला घेतली आणि मातीतच बसलो. डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघालेल्या एक मावशी थांबल्या. "उपाशी हाय व्हय तुमी? ह्यो गूळ खावा आदी," म्हणत कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगा काढून हातावर ठेवल्या. पंधरा-वीस मिनिटांत हाताची थरथर थांबली.

साधी गोष्ट आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत बरंचसं संपतं. लांबच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं, सरावलेले सायकलपटू ९० पर्यंतही घेतात. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास मिळतं. प्रोटीन लागतं ते मुख्यतः नंतर, स्नायूंची झीज भरून काढायला. चढावर ते भाताची, गुळाची जागा घेत नाही. ज्या गावाचा गूळ देशभर जातो त्या गावात राहून मी तो घरात लपवून ठेवत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी येऊन डबा निरखला. तारखेच्या जागी स्टिकर होता, एका कोपऱ्याला किंचित उचललेला. ओल्या अंगठ्यानं हळूहळू सोलला. खाली छापलेली मुदत वर्षभरापूर्वीच संपलेली! एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक मोजला, १३ आकडे. खरा १४ आकडी असतो आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर टाकून तपासता येतो. पैसे देण्याआधी दोन मिनिटं खर्च केली असती तर हे तिथंच थांबलं असतं.

फोन केला तर "प्लॅनचे पैसे परत होत नाहीत," आणि दुसऱ्या दिवसापासून ब्लॉक. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला. पैसे अजून मिळालेले नाहीत. पक्कं बिल नसल्यानं माझी बाजू लंगडी पडते, हे प्रत्येक ठिकाणी ऐकावं लागलं.

त्या पोराला मी तिथंच डब्याचा क्रमांक तपासायला लावला. त्यानं पैसे दिले नव्हते. तुमच्यापैकी कुणी दिले असतील तर डबा फेकू नका, स्टिकर सोलण्याआधी आणि नंतर फोटो काढा, यूपीआयचा व्यवहार आणि सगळे मेसेज जपून ठेवा आणि अर्ज द्या. माझे तिन्ही डबे मी त्यासाठीच ठेवलेत.