नायलॉन-पीपी मिश्रण: थेट हॉपरमध्ये की आधी ट्विन-स्क्रूवर?

वसई किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या मोल्डिंगवाल्याकडे नायलॉन-६ आणि पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या दोन प्लास्टिकच्या मिश्रणाचे काम आले की त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: दोन्ही दाणे मोजून थेट मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे दाणे ओतायच्या नरसाळ्यात, टाकणे, किंवा ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर या दोन स्क्रूंच्या मिश्रण-यंत्रावर आधी कंपाउंड करून, म्हणजे वितळवून एकजीव दाणे करून, घेणे.

पहिल्या मार्गात जॉबवर्कचा खर्च वाचतो आणि माल एकदा कमी तापतो. मात्र इंजेक्शन मशीनचा स्क्रू माल वितळवून पुढे ढकलण्यासाठी घडवलेला असतो, घुसळण्यासाठी नव्हे. पीपी सुमारे १६५ अंशांना, तर नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना वितळते. त्यामुळे वितळलेल्या पीपीत नायलॉनचे दाणे बराच वेळ तसेच राहतात. दोन्ही एकमेकांत विरघळत नसल्याने वितळलेल्या नायलॉनचे थेंब किती बारीक झाले आणि भोवतीच्या पीपीला किती घट्ट धरून आहेत, यावरच ताकद ठरते. थेंब जाड राहिले, तर गेटपाशी, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या तोंडापाशी, नखाने खरवडले तरी कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.

ट्विन-स्क्रूचे नीडिंग ब्लॉक, म्हणजे स्क्रूवरचे माल मळणारे भाग, हे थेंब फोडतात. सोबत मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पीपी घातले, तर ते नायलॉनच्या टोकांशी रासायनिक बंध करते आणि फुटलेले थेंब पुन्हा एकत्र येणे रोखते. पण स्क्रूची गती वाढवत नेली म्हणजे मिश्रण सुधारतेच असे नाही. घर्षणाच्या उष्णतेने पीपीच्या साखळ्या तुटतात, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा) चढतो आणि आघात सोसण्याची क्षमता घटते. शिवाय नायलॉन पीपीपेक्षा चारपटींहून अधिक घट्ट वाहत असेल, तर निव्वळ कातर-प्रवाहात, म्हणजे थर एकमेकांवरून नुसते सरकत असताना, थेंब फुटतच नाहीत. म्हणून ग्रेडची निवड मशीनइतकीच महत्त्वाची आहे.

मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या गोणीतले नायलॉन हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. ते ८० अंशांच्या आसपास काही तास वाळवून ओलावा ०.२ टक्क्यांखाली आणणे दोन्ही मार्गांत अटळ आहे. एरवी भागावर रुपेरी रेघा उमटतात आणि साखळ्याही तुटतात.

भार सोसणाऱ्या भागासाठी माझा कौल निःसंशय ट्विन-स्क्रूला आहे. पीपीत पीपीशी जुळणारे इलॅस्टोमर (रबरासारखे लवचीक प्लास्टिक) मिसळायचे असेल, तर हॉपर बहुधा पुरतो. नमुना तपासताना मात्र पातळ पट्टीवर विसंबू नये: जाड भिंत सावकाश थंड होते, तेवढ्या वेळात थेंब पुन्हा एकत्र येऊ शकतात, म्हणून प्रत्यक्ष भागाचा सर्वांत जाड कोपराच तोडून पाहावा.