बाह्य खर्च मॉडेलच्या आत की बाहेर? ठाणे-बेलापूर पट्ट्याचा हिशेब

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांसाठी पुढच्या वीस वर्षांचं वीज-मॉडेल बांधायचं, तर एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. धूर, राख आणि कार्बन यांचा बाह्य खर्च, म्हणजे वीज बनवणाऱ्याच्या बिलात न येणारं, इतरांनी सोसायचं नुकसान, इंधनाबरोबर मॉडेलच्या आतच धरायचा, की उत्तर आल्यावर वेगळ्या तक्त्यात मांडायचा?

मॉडेलला काय विचारायचंय, यावर ते ठरतं. ‘प्रत्यक्षात काय घडेल’ हे हवं असेल, तर बाह्य खर्च बाहेरच ठेवा. कोणतं वीजकेंद्र किती चालवायचं हे ठरवणारं ऐरोलीतलं राज्य भार प्रेषण केंद्र मेरिट ऑर्डर (स्वस्त वीज आधी, हा क्रम) लावतं ती युनिटमागच्या चल खर्चावर, म्हणजे मुख्यतः इंधनावर. कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांच्या दवाखान्याचं बिल त्यात कुठेच नसतं. इथे इंधन करांसकट, बाजारभावानेच धरायचं. ‘काय व्हायला हवं’ हे शोधत असाल, तर कर वजा करा आणि खरं नुकसान जोडा.

या दोन्हींची सरमिसळ मात्र फार महागात पडते. कोळशावर टनाला ४०० रुपये उपकर होता. युनिटला ०.६५ ते ०.७ किलो कोळसा धरला, तर २६ ते २८ पैसे झाले. ते इंधनखर्चात ठेवून वर कार्बनचा पूर्ण आकार लावला, की तेवढा बोजा दोनदा पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर जाऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या फाइलमधला दर तसाच उचलू नका.

कार्बन आत घेतल्याने काय फरक पडतो? कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २,००० रुपये लावून पाहा. कोळशाच्या युनिटमागे साधारण ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १.९० रुपये. उरणसारख्या संयुक्त चक्राच्या (गॅस टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर आणखी वीज बनवणाऱ्या) गॅस केंद्रात सुमारे ०.४ किलो, म्हणजे ८० पैसे. गॅसची वीज कोळशाहून रुपयाभर महाग असेल, तर इथे क्रम उलटतो. उत्तर येऊन गेल्यावर केलेल्या तक्त्यात हे कधीच दिसणार नाही, कारण निवड आधीच झालेली असते.

डीजी सेटचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, गणित निराळं. लिटरमागे साडेतीन युनिट आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर नुसतं इंधनच २६ रुपयांच्या घरात जातं. कार्बनचे दीड रुपये त्यात बुडून जातात. पण घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्ये तो धूर शेजारच्या खिडकीत शिरतो. तेवढाच धूर उंच चिमणीतून, विरळ वस्तीत सुटला तर माणसांच्या श्वासात कमी जातो. म्हणून सूक्ष्मकण आणि नायट्रोजन ऑक्साइड यांना राज्यभर एकच दर लावणं मला सर्वस्वी चुकीचं वाटतं. कार्बन कुठेही सुटला तरी नुकसान तेच. धुराचं तसं नाही.

इंधनखर्च केंद्राच्या चल खर्चातच मिसळून टाकायचा मोहही टाळा. ओसेमॉसिस या ऊर्जा-नियोजनाच्या मॉडेलमध्ये इंधनाचा पुरवठा हे वेगळं तंत्रज्ञान म्हणून दाखवा आणि दर व कार्बनचं उत्सर्जन दोन्ही उष्णतेच्या एककाला द्या. केंद्राची कार्यक्षमता बदलली, की खर्च आणि उत्सर्जन दोन्ही आपोआप बदलतात.

नियोजनासाठी निवडायचं असेल, तर मी कार्बन आत घेईन, २,०००च्या खाली-वर दोन-तीन दरांनी मॉडेल पुन्हा चालवेन. स्थानिक धुराला वस्तीच्या दाटीप्रमाणे वेगळा दर देईन. तो दर ठरवण्याइतकी इथली माहिती हाती नसेल, तर धूर बाहेरच्या तक्त्यात टनांमध्ये ठेवेन; ओढूनताणून रुपयांत आणणार नाही.