स्लॅकलाइन घ्यायचीय: दोन इंची की एक इंची?

गोव्यात पाळोळे, हरमलच्या किनाऱ्यावर दोन माडांमध्ये पट्टी ताणून तिच्यावर चालणारे पर्यटक दिसले की आपल्यातलं कुणीतरी म्हणतंच, 'हे तर डोंबाऱ्याचं काम!' पण डोंबाऱ्याचा दोर ताठ आणि हातात काठी. इथे, म्हणजे स्लॅकलाइनमध्ये, सपाट, लवचीक पट्टी पायाखाली झुलते आणि तोल फक्त हातांनी सांभाळायचा. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातल्या गिर्यारोहकांनी १९८० च्या सुमारास हा खेळ रुजवला.

दोन इंची पट्टीचा संच रॅचेटसह, म्हणजे पट्टी ताणायच्या दातेरी खटक्यासह मिळतो. खटखट ओढलं की पाच मिनिटांत तयार. पाऊल रुंद बसतं, त्यामुळे मुलांची भीती लवकर जाते. मात्र रॅचेट सोडताना ताण एकदम सुटतो, ते काम मोठ्यांनीच करावं. शिवाय वाळू आणि खारं वारं त्यात शिरलं की ते अडकतं, गंजतं.

एक इंची पट्टी कॅरबिनरने, म्हणजे गिर्यारोहकांच्या उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने बांधतात. बांधायला शिकावं लागतं, पहिले काही दिवस पाय शिवणयंत्रासारखा थरथरतो. पण तळव्याच्या मधोमध रेघ जाणवते आणि तोल खरा तिथेच कळतो. सामान पिशवीत मावतं. घरात मुलं असतील तर दोन इंची घ्या. एकट्याने, चिकाटीने शिकायचं असेल तर माझं मत एक इंचीला.

पट्टी कुठलीही असो, बांधायची कुठे हा प्रश्न मोठा. साठ किलोचा माणूस १० मीटर पट्टीच्या मध्यावर उभा राहिला आणि ती अर्धा मीटर झुकली, तर दोन्ही टोकांना जवळपास ३०० किलोंची ओढ बसते. पाव मीटरच झुकली तर ६००! म्हणून पोफळ नको, कंपाउंडचा खांब तर मुळीच नको. आंबा, फणस उत्तम. माडाच्या खोडाला झालेली जखम भरून येत नाही, तेव्हा गोणपाट गुंडाळूनच बांधा. पावसाळ्यात पट्टी काढून ठेवा, नायलॉनची असेल तर ती पाणी पिते.

सुरुवात गुडघ्याएवढ्या उंचीवर, सहा-सात मीटर लांबीत, अनवाणी. गुडघे सैल, नजर पायाकडे नव्हे, समोरच्या झाडावर. आधी एका पायावर उभं राहा, चालणं नंतर.

आणि माडाखाली बांधणार असाल तर पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, येऊन नारळ उतरवून गेलाय ना, ते आधी विचारा.