पणजीत कुठं काय मागवावं

'रित्झ क्लासिक'ला दुपारी एकला जायचं नाही. सव्वाबाराला जायचं, नाहीतर सरळ अडीचनंतर. माझी कचेरी अठरा जून रस्त्यावर, त्यामुळे तिथली गर्दी कधी चढते आणि कधी उतरते हे मला घड्याळ न बघता सांगता येतं. एक वाजला की आजूबाजूच्या कचेऱ्या जेवायला सुटतात, त्यात फोन हातात धरलेले पर्यटक मिसळतात आणि मग दाराशी नाव सांगून भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. जेवण बेताचं असतं तर माणसं कंटाळून दुसरीकडे गेली असती. इथून कुणी हलत नाही.

हिवाळ्यात पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि मुलगा असे आमच्याकडे डिचोलीला आले होते. भाच्याच्या फोनमध्ये यादी तयार होती. गोव्यातली नावाजलेली हॉटेलं, प्रत्येकापुढे तारे, फोटो, कुणाकुणाचे अभिप्राय. यादी वाईट नव्हती. पण कुठल्या हॉटेलात काय मागवायचं हे तिच्यात कुठंच नव्हतं, आणि गोव्यात खरी मेख तिथंच आहे. इथं दोन स्वयंपाकघरं शेजारी-शेजारी नांदतात. एकात, म्हणजे हिंदू घरांतल्या, आमसूल, तिरफळ आणि गुळगुळीत वाटलेलं खोबरं. दुसऱ्यात, म्हणजे ख्रिस्ती घरांतल्या, माडाच्या सुरेचं (माडीचं) विनेगर, लसूण, मिरी आणि तासन् तास मुरवलेलं मांस. दोन्हीकडे नारळ आहे, दोन्हीकडे मासळी आहे, म्हणून बाहेरच्याला सगळं एकच वाटतं. माझं म्हणणं साधं आहे: जे हॉटेल ज्या घरच्या जेवणावर मोठं झालं, तिथं तेच मागवावं.

रित्झ पहिल्या स्वयंपाकघराचं, पण तिथं भाच्यानं बसल्या-बसल्या दुसऱ्यातलं चिकन काफ्रेआल सांगायला घेतलं.

"इथं नको," मी म्हटलं.

"मामी, मेन्यूत आहे की."

"पणजीतल्या प्रत्येक मेन्यूत मंचाव सूपसुद्धा असतं. ते प्यायला पुण्याहून आलास का?"

पणजीतल्या मोठ्या हॉटेलांचे मेन्यू तांदळाच्या गोणीएवढे जाड असतात. तंदूर, चायनीज, पंजाबी, मग कुठं तरी गोवन. मला विचाराल तर रित्झमध्ये मेन्यू उघडूच नये. माशाची थाळी सांगावी आणि तळायला आज काय ताजं आहे एवढं वेटरला विचारावं. त्या दिवशी उत्तर आलं, "बांगडे ताजे आसात." विषय संपला. वन्संच्या यजमानांना पापलेटच हवं होतं. पुण्याच्या माणसाला मासा म्हटलं की पापलेट आणि सुरमई याच्या पलीकडे काही सुचत नाही, आणि सुरमईला आम्ही विसवण म्हणतो हे कळल्यावर तो पुन्हा गोंधळतो. ताजा बांगडा शिळ्या पापलेटाला केव्हाही भारी, हे त्यांना पटवायला पहिला घास पुरला.

थाळीत भात, माशाचं हुमण म्हणजे खोबऱ्याचं कालवण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, किसमूर, भाजी, लोणचं, सोलकढी आणि तळलेला मासा. हुमण चांगलं की नाही हे मी चव घेण्याआधी बघते. वाटी जरा कलती करायची. खोबरं नीट वाटलेलं असेल तर रस एकसंध सरकतो. कच्चं वाटलेलं असेल तर पाणी पुढं धावतं आणि चोथा मागं राहतो. इथला रस दाट, केशरी, एका लयीत सरकला. मिरचीचा झणका घशाशी येतो, पण त्याआधी खोबऱ्याची गोडी आणि आंबटपणा जिभेवर येऊन गेलेला असतो. तळलेल्या बांगड्याचा रवा खरपूस होता आणि तुकडा उचलल्यावर ताटावर तेलाचं थारोळं नव्हतं. पण माझ्या मते थाळीतली खरी परीक्षा किसमुराची. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी भाजून, खोबरं-कांदा-आमसूल घालून केलेला हा पदार्थ कोपऱ्यात चमचाभर असतो, आणि पर्यटक तो सुकं लोणचं समजून बाजूला सारतात. भाच्यानंही सारला होता. मी त्याला हुमण-भातात तो कुस्करून खायला लावला. त्यानंतर त्यानं वेटरला हाक मारून आणखी मागितला. दिला, वरचे पैसे न लावता.

उणं काय? निवांतपणा नाही. बशा आदळतात, शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस आपल्याही कानात साजरा होतो, आणि ताट रिकामं दिसलं की बिल येतं. गप्पा मारायच्या असतील तर दुसरीकडे जा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत लिहिलेली नसते. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या एकसष्ट दिवसांत ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात, आणि ताटात येतं ते नदी-खाडीतलं, तिसऱ्या-शिनाण्यांसारखं शिंपल्यांतलं, सुकं, नाहीतर बर्फातलं. जुलैत येऊन "गोव्याची मासळी पूर्वीसारखी राहिली नाही" म्हणून एक तारा देणाऱ्यांचे अभिप्राय वाचले की मला हसू येतं. त्या दिवसांत ओळमी मागवा. वारुळांवर उगवणारी ही रानअळंबी मिळाली, तर तिची शागुती खाऊन मासे विसराल.

सोमवारी वन्सं मासे खात नाहीत. आमच्या घरीही तेच, त्यामुळे त्या सकाळी नाश्त्याला पणजीतली दोन जुनी शाकाहारी नावं, 'कॅफे टाटो' आणि 'कॅफे भोसले'. इथं फार लिहिण्यासारखं नाही, कारण इथं फार वेळ बसायचंच नसतं. भाजी-पाव सांगायचा, पण मुंबईचा पावभाजीवाला डोळ्यांसमोर आणायचा नाही. पातळ भाजी म्हणजे वाटणातले पांढरे वाटाणे, सुकी म्हणजे बटाट्याची. दोन्ही एकाच बशीत मिसळून मागा, इथले लोक तसंच खातात. सोबत मिरचीची भजी आणि एक बन, म्हणजे केळ्याची गोडसर पुरी. अनोळखी माणूस समोर येऊन बसला तर दचकू नका, टेबल वाटून घेणं इथं रीतीला धरून आहे. पुण्याच्या मंडळींना याचंच जास्त अप्रूप वाटलं.

आता दुसरं स्वयंपाकघर. 'व्हिवा पंजिम' फोंतेन्हास या जुन्या वस्तीत, एकतीस जानेवारी रस्त्यालगतच्या गल्लीत. या शहराचे रस्ते तारखांवर चालतात. अठरा जून म्हणजे १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली तो दिवस, आणि एकतीस जानेवारी म्हणजे १८९१ मधलं पोर्तुगालच्या पोर्तो शहरातलं प्रजासत्ताकवाद्यांचं बंड. दुपारी एका तारखेला जेवायचं, रात्री दुसऱ्या.

हे जुन्या घरातलं हॉटेल. आत मोजकी टेबलं, काही बाहेर गल्लीत. बाहेरचं मिळालं तर घ्या. इथं मी भाच्याला म्हटलं, आता सांग तुझं काफ्रेआल. ही पाककृती पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेतून, मोझांबिककडून आली असं मानतात, आणि गोव्यात येऊन तिला कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी यांचं हिरवं वाटण मिळालं. वाईट काफ्रेआल ओळखायला सोपं: रंग पोपटी असतो आणि कोंबडीच्या आत काही उतरलेलं नसतं. इथला रंग काळपट हिरवा, तव्यावर चिकटून भाजल्याच्या खुणा असलेला. मी हाडालगतचं मांस सोडवून बघितलं, तिथपर्यंत मसाला आणि आंबटपणा पोहोचला होता. लिंबू पिळायची गरज पडली नाही. वन्संनी मात्र पहिल्या घासाला नाक मुरडलं. "विनेगरचा वास येतो गं." येणारच. आमसुलाची सवय असलेल्या जिभेला सुरेच्या विनेगरशी जमवून घ्यायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी माशाचं काल्दीन मागवलं. हळदीचा पिवळा, नारळाच्या दुधातला, जवळजवळ बिनतिखट रस. तो त्यांनी पावाला लावून संपवला आणि वर भातही घेतला. विंदालूत बटाटा शोधू नका. नाव पोर्तुगीज आहे, त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी संबंध नाही, तो लसणीचा आहे. यजमानांनी शोधला.

शेवटी बेबिंक. याच्यासाठी मी वाकडी वाट करून जाईन. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ, एवढंच साहित्य. पण एक थर ओतायचा, वरून विस्तवाची धग द्यायची, तो लालसर झाला की तूप सोडून दुसरा थर. परंपरेनं सात, हौस असेल तर सोळापर्यंत. घाई केली की थर एकमेकांत मिसळून नुसती गोड वडी होते. चमच्यानं उभा कापू नका. वरून एकेक थर सोलत खा, म्हणजे भाजणाऱ्यानं कुठं धीर सोडला ते कळतं. इथं कुठं सोडलेला दिसला नाही. गरम तुकड्याबरोबर आइस्क्रीम देतात. मला ते नको असतं, पण भाचा दोन्ही खाऊन गेला.

यादीत सगळ्यात वर होतं ते ठिकाण उत्तर गोव्यात, आणि त्याचं नाव मी लिहीत नाही. आगाऊ पैसे भरून टेबल, रात्री सव्वानऊची दुसरी पाळी, आणि बसल्या-बसल्याच सूचना की अकराला उठावं लागेल. सोलकढी आली ती बोटभर पेल्यात, वर फेस. फेसाला चव नव्हती आणि खाली सोलकढी नव्हती. पोई, म्हणजे गोव्याचा पाव, आली ती चार तुकडे करून, लोण्याच्या तीन गोळ्यांसह, एकशे ऐंशी रुपये. पोई महाग म्हणून माझी तक्रार नाही, भाडं आणि पगार त्यांनाही आहेत. पण पोई ही कोंड्याची, पोकळ, पोदेर (पाववाला) सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत आणतो ती. दुपारपर्यंतच तिची मजा. रात्री पुन्हा गरम केल्यावर ती चामड्यासारखी ताणली जात होती. प्रत्येक बशीबरोबर वेटर मिनिटभर आमच्याच आजीच्या स्वयंपाकाची माहिती आम्हाला सांगत होता. मुलगा बिचारा गोड होता, नुकताच दुसऱ्या राज्यातून आलेला, पाठ केलेलं म्हणत होता. तिरफळाला त्यानं 'स्थानिक मिरी' म्हटलं तेव्हा वन्संनी माझा हात दाबला.

बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावलेलं होतं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलं आहे की हॉटेलांनी हे शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. जीएसटी द्यावाच लागतो, सेवा शुल्क आपल्या खुशीवर. मी शांतपणे काढायला सांगितलं. व्यवस्थापकानं एका शब्दानं वाद न घालता काढलं, म्हणजे त्यालाही माहीत होतं. त्या मुलाला वन्संनी हातात वेगळे पैसे दिले.

यावरून नव्या पद्धतीच्या गोवन जेवणालाच मी नावं ठेवते असं समजू नका. बाणावलीत अविनाश मार्टिन्स यांचं 'काव्हातिना' आहे, इथल्याच मासळीला आणि इथल्याच माणसांच्या धंद्याला नव्या ताटात मांडतात म्हणून देशभर नाव आहे. डिचोलीहून ते आमच्या वाटेवर नाही, एवढंच.

वर सांगितलेल्या माझ्या नियमाला अपवाद एकच, मिरामारचं 'मम्स किचन'. तिथं हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतल्या पाककृती एकाच मेन्यूत आहेत आणि दोन्ही धड उतरतात. वयस्क माणसं बरोबर असतील, आवाज सोसत नसेल, तर रित्झऐवजी इथं न्या. खर्च जास्त येईल. आणि दादा वैद्य रस्त्यावरचं 'कोकणी कँटीन' मी मुद्दाम मागं ठेवते, कारण तिथं मी पाहुण्यांना नेत नाही, स्वतः जाते. सुंगटांचं हुमण, भात, बस.

संध्याकाळी, त्यातही शनिवार-रविवारी, मांडवीच्या काठानं कॅसिनोंची गर्दी असते, तेव्हा गाडी पाटोला लावून खाडी ओलांडून चालत या. फोंतेन्हासच्या गल्लीत गाडी घालू नका. घातलीत तर ती मागं घेताना वरच्या खिडकीतून जे ऐकू येतं ते कोकणीत असतं, पण पुणेकरांनाही पूर्ण कळतं.