भांगाच्या पाण्यात चार इंची रबरी मासा

मागच्या रविवारी अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे सहा. म्हणून पहाटे साडेपाचलाच गळ घेऊन रत्नागिरीच्या भाट्याच्या टोकाला, झरी विनायकाच्या पुढच्या खडकांवर जाऊन उभा राहिलो. भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराचं, त्यात दिवाळीनंतरचं नितळ. ओढ जवळपास नाहीच.

सव्वा तास २८ ग्रॅमचा स्टीलचा स्पून, म्हणजे चमच्यासारखं चकचकीत खोटं आमिष, मारला. उधाणाला याच स्पूनवर कोकर तुटून पडतात. त्या दिवशी फक्त एक टोळ मागोमाग आला, पायापर्यंत येऊन बघून परत गेला. माझा खांदा मात्र भरून आला.

मग पिशवीत दोन महिने पडलेलं पाकीट फोडलं. चपट्या शेपटीचे सॉफ्ट प्लास्टिक मासे, पाच नग, सोबत १४ ग्रॅमचे दोन जिगहेड (डोक्याला वजन असलेल्या गऱ्या), ३८० रुपये. नाव लिहीत नाही, असाच माल चार नावांनी मिळतो. उघडल्यावर बडीशेपेचा असा वास आला की हॉटेलात बिल आलंय असं वाटलं.

पहिले दहा-बारा फेक मी फुकट घालवले. स्पूनच्या सवयीने भराभर रील फिरवत होतो आणि मासा गरगर फिरून लाइनला पीळ घालत होता. काढून बघितलं तर गरी अंगातून तिरकी निघालेली. सरळ ओवल्यावर नीट पोहायला लागला. पण खरी गंमत तो ओढताना नाही, बुडताना आहे. फेकायचा, लाइन किंचित ताठ ठेवून आठपर्यंत मोजायचं, तळ लागला की रीलचे दोनच फेरे आणि पुन्हा थांबायचं. खाली जातानाही शेपटी हलते. स्पून एवढ्या सावकाश ओढला तर दगडच होतो.

सोबतचे जिगहेड या पाण्याला जड. एक तर सरळ ओवल्यानंतरच्या तिसऱ्याच फेकीला कपारीत गेला तो गेलाच. माझ्याकडचा ७ ग्रॅमचा लावला, लीडर (लाइनच्या टोकाचा, गरीला बांधायचा तुकडा) ४० पौंड ताकदीवरून २० वर आणला आणि समोर खोल पाण्यात फेकायचं सोडून खडकांच्या कडेकडेने फेकलं. वीस-पंचवीस पावलांवरच जातो, पण गोबरा राहतो तिथेच. सात-साडेसातला लाइन नुसती बाजूला सरकली, झटका वगैरे काही नाही. ओढली तर पाऊण किलोचा गोबरा.

तक्रार आहे ती गरीची. ओहोटी लागल्यावर ७ ग्रॅमचा तळ गाठेना, म्हणून पाकिटातला उरलेला १४ चा लावला. त्यावर तांबोशी लागली, दोनदा खडकाखाली शिरली, आणि सुटली तेव्हा गरी सरळ झालेली, टाचणीसारखी. गोड्या पाण्याने धुऊनही मंगळवारी तिच्यावर गंज होता. दोन रबरी शेपट्या केंड माशांनी कातरून नेल्या, त्याला कंपनी काय करणार.

रबर पुन्हा घेईन, जिगहेड वेगळे घेईन, जाड गरीचे. आणि हे मासे डबीत दुसऱ्या जातीच्या रबराला लागून ठेवू नका, एकमेकांत विरघळतात. माझा लाल रबरी किडा त्यातच गेला, डबीचा तळ अजून चिकट आहे.