तिसऱ्यांसोबत शेनिन की आल्बारिन्यो?

एप्रिलमधला रविवार. मेहुण्याने अलिबागहून बर्फात घालून तिसऱ्या (खाडीतले शिंपले) आणल्या होत्या. बायकोने ओलं खोबरं घालून सुकं केलं आणि मी फ्रिजमधून आपली नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन काढली. पहिला घोट झकास. पण नाशिकचा उन्हाळा, अर्धा ग्लास होईस्तोवर वाईन कोमट झाली आणि तिची साखर वर आली. खोबऱ्याचा गोडवा, त्यावर हिचा गोडवा, यात तिसरीचा खारा रस कुठल्या कुठे गेला. दुसरा ग्लास मी ओतलाच नाही.

सगळ्या शेनिन अशा नसतात, हे मान्य. ड्राय, म्हणजे बिनगोड, म्हणून मिळणाऱ्याही आहेत. पण नव्या माणसाला पहिल्याच घोटात आवडावी म्हणून थोडी साखर राखायची रीत इथे चांगलीच मुरली आहे. मला खटकतं ते एवढंच, आणि माझ्यापुरता निकाल त्यावरच लागला: तिसऱ्यांसोबत आल्बारिन्यो.

आल्बारिन्यो हीसुद्धा पांढरी वाईन, त्याच नावाच्या द्राक्षाची. ती येते स्पेनच्या वायव्य टोकाच्या गॅलिसियातून, रियास बायशास या भागातून. (लेबलवर एक्स दिसतो म्हणून दुकानात ‘बैक्सास’ म्हणतात. गॅलिशियनमध्ये एक्सचा उच्चार श.) रिया म्हणजे समुद्र आत घुसून झालेली खाडी. या खाड्यांत तराफ्यांवरून दोर सोडून शिंपले वाढवतात आणि काठावरच्या बागांत ९० टक्क्यांहून जास्त आल्बारिन्यो लावलेली आहे. शिंपले आणि वाईन एकाच गावची, त्यामुळे जोडी जुळवायला डोकं चालवावं लागत नाही.

मी द्राक्षवाल्याच्या घरातला, त्यामुळे तिथल्या बागांचे फोटो बघून गंमत वाटली. चक्क मांडव! तेही ग्रॅनाइटच्या खांबांवर. आपल्याकडे मांडव खायच्या द्राक्षांना, वाईनच्या वेली बहुतेक तारांवर उभ्या. तिथे वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. घड उंच टांगले की खालून वारा खेळतो आणि बुरशीला ओल कमी मिळते. त्यात या द्राक्षाची साल जाड. डाऊनी या बुरशीवरच्या फवारण्या मोजत लहानपण गेलेल्याला हे लगेच पटतं.

आंबटपणाचं कारणही हवेतच आहे. गार समुद्राशेजारी द्राक्ष सावकाश पिकतं आणि सप्टेंबरात उतरतं. आपली तोडणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीचं ऊन लागलं की आंबटपणा झरझर उतरतो. शेनिनची मुळातली आम्लता चांगली, म्हणून तर ती इथे तगली. तरी आल्बारिन्योची लिंबाच्या सालीसारखी धार आणि शेवटची किंचित खारट चव मला तिच्यात सापडली नाही. तात्यांना एक घोट दिला तर म्हणाले, “लिंबू पिळलंय का रे यात?” त्यांनी ती तक्रार म्हणून केली होती.

पैशाचं म्हणाल तर शेनिनला तोड नाही. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे, त्यामुळे आल्बारिन्यो महिन्याला एक, फार तर दोन. शिवाय ती जपून घ्यावी लागते. एकदा मला शोकेसमध्ये दिव्याखाली उभी राहून थकलेली पाच वर्षांची बाटली मिळाली. धार गेलेली, रंग पिवळट. साधी आल्बारिन्यो ताजीच प्यायची असते. लेबलवरचं वर्ष दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं दिसलं तर सोडून द्या. शेनिन इथलीच, तिला एवढा प्रवास नाही.

आणि जेवण काळ्या मसाल्याचं असेल तर शेनिनच काढा, तिथे तो गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. चिकन, मटण, मिसळ (हो, मी करून पाहिलंय) सगळ्याला ती चालते. तुमच्याकडे मासे सणावारीच होत असतील तर दुसऱ्या बाटलीच्या वाटेला जाऊ नका.

आमच्याकडे दर रविवारी होतात. मेहुणा पुढच्या खेपेला कालवं आणतोय. फ्रिजच्या तळाला एक आल्बारिन्यो आडवी करून ठेवली आहे, पुढ्यात भाजी रचून, म्हणजे तात्यांना दिसायला नको.